पाचावर पास

मुनीर साहेबांनी पत्ते उचलले की त्यांच्या तोंडाची भिंत व्हायची. हातात चार एक्के असोत की नुसत्या दुर्र्या-तिर्र्या असोत, समोर बसलेल्याला काही कळायचं नाही. डोळे पानांवर, पानं छातीशी, आणि डाव्या हाताची करंगळी तेवढी टेबलाच्या कडेवर टेकलेली. मी चार वर्षं त्यांच्या समोर बसलो. करंगळीसुद्धा कधी हलली नाही.

आमच्या भागात अजून त्यांचं नाव निघतं, पण ते वाईट निघतं. पाझर तलावावरचा ओव्हरसियर, दुष्काळात टँकरचं पाणी विकून खाल्लं, म्हणून भराव खचला, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांतले निम्मे तेव्हा जन्मलेही नव्हते. ही गोष्ट खोटी आहे. ती कशी खोटी आहे हे पुरतं माहीत असलेला आता मी एकटाच उरलोय. मी चौथी नापास माणूस, लिहायची सवय नाही. पोरगा म्हणतो, तुम्ही सांगा, मी लिहितो. मी म्हटलं, नको. माझ्या हातानंच लिहीन, चुकलं तर चुकलं.

आमचं गाव उस्मानाबादकडच्या वाशीपासून दोन कोसांवर. आम्ही छप्पन सालानंतरचे बौद्ध. आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडं, गाव अलीकडं. बाहत्तरच्या दुष्काळात ओढा नुसता नावाला राहिला आणि गावाच्या वर, दोन टेकड्यांच्या मधे पाझर तलावाचं काम निघालं. दीड-दोन हजार माणूस कामावर. आमच्या वस्तीतली सगळी, गावातलीही सगळी, आणि ईट गावाच्या बाजूनं आलेली बिऱ्हाडंही. मी मुकादम होतो. मला हिशेब तोंडपाठ राहायचा आणि बायामाणसं माझं ऐकायची, म्हणून झालो. कुणाच्या पाया पडून झालो नाही.

मुनीर साहेब निजामाच्या काळात हैदराबादेत नोकरीला लागलेले. उंच, किडकिडीत, पिकत चाललेली दाढी बारीक कातरलेली. हातात कायम चार फुटाची लोखंडी सळई. भरावावर चालताना दर दहा पावलांवर ती मातीत खुपसायचे. सळई किती आत जाते त्यावरून दाब बरोबर बसलाय की नाही ते ओळखायचे. आणि माती. मातीची मूठ घेऊन लाडू वळायचे आणि कमरेएवढ्या उंचीवरून खाली सोडायचे. लाडू फुटून दोन-तीन तुकडे झाले तर म्हणायचे, "शाबास." पीठ झालं तर म्हणायचे, "पानी मंगताय." टोपल्या वाहणाऱ्या बायांनाही त्यांनी हे शिकवलं होतं. आमच्या वस्तीतली सुभद्रा म्हातारी तर लाडू टाकून साहेबांनाच सांगायची, "ओव्हरशेर, आज तुमची माती उपाशी हाय बघा." साहेब हसायचे आणि टँकरवाल्याला हाक मारायचे.

थर टाकायचा, पाणी मारायचं, रूळ फिरवायचा. मग दुसरा थर. कोरड्या थरावर थर चढवायचा नाही. तलावाचं सगळं शास्त्र एवढंच, असं ते म्हणायचे. बाकी सगळं कागद.

उन्हाळ्यात काम पहाटे सुरू व्हायचं आणि बाराला थांबायचं. मग चारपर्यंत विश्रांती. माणसं बाभळींच्या सावलीत आडवी व्हायची. साहेबांच्या पत्र्याच्या शेडमधे मात्र पत्ते. शाळेचे गुरुजी यायचे, दवाखान्यातला दत्तू कंपौंडर यायचा, आणि चौथा एक कारकून होता त्याची बदली झाली. ब्रिजला चार लागतात. तीन माणसं असली तर तो खेळच नसतो.

आम्ही बाभळीखाली मेंढीकोट खेळत होतो. साहेब सळई टेकवून मागं उभे राहिले. डाव अर्धा झाला असताना मला म्हणाले, "मियाँ, इस्पीक किती पडले?"

मी म्हटलं, "नऊ."

"कोणते?"

मी न थांबता नऊच्या नऊ सांगितले, कुणी कोणतं टाकलं तेही. साहेबांनी सळई खांद्यावर घेतली आणि म्हणाले, "उठ. तेरी जगह इधर नहीं है."

शेडमधे गेलो तर टेबलाभोवती तीन खुर्च्या आणि एक उलटा ठेवलेला ड्रम. मी दारात उभा. गुरुजी एकदा माझ्याकडं, एकदा साहेबांकडं बघायला लागले. गावचे होते ते, मला ओळखत होते, माझी वस्ती कोणती तेही. साहेब पत्ते पिसत म्हणाले, "गुरुजी, चौथ्या बाजूला कोण बसलं ते पत्त्यांना समजत नाही." आणि आपली खुर्ची मला देऊन स्वतः ड्रमवर बसले. नंतर चार वर्षं ते ड्रमवरच बसले. गुरुजींनी दोन-तीन दिवस घरून आणलेला तांब्या वेगळा ठेवला, मग विसरले. गुरुजी माणूस वाईट नव्हते.

ब्रिज ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. समोरासमोर बसलेले दोघं भिडू. खेळायच्या आधी बोली लागते, कोणता रंग हुकूम करणार आणि किती हात करणार. हातातली पानं बघून आपली ताकद मोजायची. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. तेराच्या आसपास असले की बोली उघडायची. आता खरी गंमत पुढं आहे. भिडूनं बोली उघडली आणि तुमच्या हातात काहीच नाही, तर बोलायचं की पास म्हणायचं? तुम्ही पास म्हणालात आणि पुढचाही पास म्हणाला, तर बोली तिथंच मरते. भिडूच्या हातात आणखी काही होतं का, ते सांगायची संधी त्याला मिळत नाही. म्हणून नियम असा, की सहा असले तर काहीतरी बोलायचं. पाच किंवा कमी असले तर पास.

आणि बोलायचं म्हणजे फक्त बोली बोलायची. खोकायचं नाही, सुस्कारा नाही, भुवई नाही. दत्तू कंपौंडरला चांगली पानं आली की खाकरायची खोड होती. तो गुरुजींचा भिडू. एकदा तो खाकरला आणि गुरुजींनी लगेच बोली चढवली. साहेबांनी पानं उलटी करून टेबलावर ठेवली.

"कंपौंडर, खोकला आहे काय तुला?"

"न्हाय साहेब, जरा घसा..."

"घसा आहे तर दवाखान्यात जा. तू तर तिथंच असतोस."

दुसऱ्या दिवसापासून दत्तूनं तोंडावर टॉवेल गुंडाळून बोली बोलायची, असा साहेबांचा हुकूम झाला. चाळीस डिग्रीच्या उन्हात, पत्र्याखाली, आठ दिवस दत्तू टॉवेलाआडून "दोन किलवर" म्हणायचा आणि आम्ही हसून मरायचो. साहेब हसायचे नाहीत. त्यांना ते खाकरणं खरंच वाईट वाटायचं. म्हणायचे, "जे बोलायचं ते बोलीनं बोला. तोंडानं इशारा करणारा भिडू मला नक्को."

माझी शिकवणी अशी झाली. साहेबांनी "एक बदाम" म्हटलं. माझ्या हातात एक राजा, एक राणी, एक गुलाम, बाकी कचरा. मला वाटलं, एवढ्याशा पानांवर कशाला तोंड उघडायचं. पास म्हटलं. सगळे पास. साहेबांनी त्या एका बदामावर दहा हात काढले. बोलीत पहिले सहा हात मोजत नाहीत, म्हणजे चार बदामाची बोली मिळायला हवी होती, ती एकावर मेली. दुसरा भिडू असता तर पानं फेकून मारली असती. साहेबांनी पानं गोळा केली, कडा जुळवल्या.

"किती होते?"

"सहा."

"मग?"

"सहाच होते साहेब. म्हणून गप बसलो."

"तुझे सहा तुला कमी दिसतात, कारण तू ते एकटे मोजतोस. माझे वीस होते. वीस में सहा मिला, मग सांग."

मला ते लागलं. दुसऱ्या दिवशी मी मागंपुढं न बघता बोललो. हातात नुसता एक राजा होता, तीन. साहेबांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून मोठी बोली चढवली, गुरुजींनी दंड दुप्पट करायला "डबल" म्हटलं आणि आम्ही चार हातांनी बुडालो. गुरुजींनी चष्मा पुसत मला विचारलं, "काय किसनराव, आज लई जोर आला होता?" दत्तू टेबलावर हात आपटून हसला.

साहेबांनी पुन्हा तेच विचारलं, "किती?"

"तीन."

"काल भीतीनं गप्प राहिलास. आज भीतीनं बोललास. हिसाब नाही केलास." मग म्हणाले, "कमजोर हात वाईट नसतो किसन. आदमी को आधे से ज्यादा डावांत कमजोर हातच येतात. कधी बोलायचं आणि कधी नाही, ते त्यालाच कळायला लागतं. जोरवाल्याला काय कळायचंय, तो कधीही बोलतो."

पाचाबद्दल मी एकदा विचारलं होतं. सहाला बोलायचं, पाचाला पास, एकानं एवढा फरक कसा? साहेब पत्ते पिसत होते. म्हणाले, "पाच बेईमान आकडा आहे. पास म्हण, कोणी तुला बोलणार नाही. किताब तुझ्या बाजूनं आहे. पण तुझी पानं भिडूच्या रंगाची असतील ना, तर ते पाच नसतात. तेव्हा किताब नको बघूस."

आणखी एक सांगायचं राहिलं. डाव संपला की साहेब चौघांच्या हातात काय काय होतं ते पाठ म्हणून दाखवायचे. "गुरुजी, तुमच्याकडं चौकटची दोनच पानं होती, त्यांतलं एक राजा, तुम्ही तो उगाच जपला." कधीही चुकायचे नाहीत. पडलेल्या पानांवरून आणि न पडलेल्या पानांवरूनही. मला अभिमान होता की आपली नजर मोठी. त्यांच्यापुढं ती काहीच नव्हती.

दुसऱ्या उन्हाळ्यात भराव बराच वर आला होता. त्याच वैशाखात ओढ्याच्या वाळूत खोदलेला आमच्या वस्तीचा झिरा आटला. गावात विहीर होती, तिच्यातलं पाणीही मोजून मिळायचं, आणि आमची पाळी सगळ्यांत शेवटी. पाळी यायची तेव्हा चिखल उरलेला असायचा. भांडणं झाली, घागरी फुटल्या. आणि इकडं कामावर टँकर रोज यायचा आणि चांगलं पाणी मातीवर ओतायचा. मातीला पाणी आणि माणसाला नाही, हे बायांनी डोळ्यांनी बघायचं आणि वर टोपल्या वाहायच्या.

एक दिवस माझी बायको शांता टँकरमागं गेली. मागच्या नळीतून पाणी सुटलं होतं. तिनं टोपली खाली ठेवली आणि घागर नळीखाली धरली. तिच्यामागं सुभद्रा म्हातारी उभी राहिली. मग आणखी दहा-बारा. मी ओरडलो, "शांते, बाजूला हो!" मुकादमाची बायको, मला लाज वाटली. साहेब भरावावरून उतरत होते. ते थांबले. सळई जमिनीत खुपसून उभे राहिले. घागर भरली. शांतानं ती बाजूला केली आणि सुभद्रेनं आपली लावली.

साहेब टँकरवाल्याला म्हणाले, "वस्तीवर घे. चार दिवस तिकडंच टाक."

मी जवळ गेलो. "साहेब, मग दाब?"

"थर कोरडा राहू दे. चार दिवसांनी उकरू, पाणी मारू, पुन्हा दाबू."

"लिहून द्या साहेब. वरचे इचारतील."

"लिहिलं तर वरचे थांबवतील. माणसं पाणी पितायत, त्याला कागद कशाला?" मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "तू आहेस ना. तू पाहिलंस."

चार दिवस आमच्या वस्तीनं पाणी प्यालं. पोरांनी अंघोळी केल्या. ते पाणी कुणी विकलं नाही, कुणी विकत घेतलं नाही. हे मी आज लिहितोय.

तिसऱ्या दिवशी साहेबांना जिल्ह्याला बैठकीला बोलावलं. जाताना मला सांगून गेले, कोरड्या थरावर काही टाकू नको. पण टोळ्यांना मजुरी काम मोजून मिळायची, ज्या टोळीनं माती टाकली नाही तिचा दिवस बुडाला. सकाळी अकराला लोक माझ्याभोवती जमले. "किसनदादा, हात बांधून बसवलं का आमाला?" मी मुकादम. माझा शब्द आहे, मी सांगेन तसं होतं, हे मला दाखवायचं होतं. मी म्हटलं, टाका. संध्याकाळपर्यंत त्या कोरड्या थरावर हातभर माती चढली.

साहेब परत आले. सळई खुपसली. ती एका जागी सुळकन खाली गेली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "साहेब, माणसं रिकामी बसली व्हती." त्यांनी वर चढलेली माती पाहिली. ती उकरायची म्हणजे दीडशे बायांचं दोन दिवसांचं काम वाया, आणि का वाया ते लिहावं लागणार. म्हणजे माझं नाव. साहेब म्हणाले, "वरून पाणी जास्त मारा. रूळ दुप्पट फिरवा." त्यांचं सगळं शास्त्र त्यांनी त्या दिवशी मोडलं. मला तेव्हा वाटलं, सुटलो.

तलाव पुरा व्हायला आणखी दोन वर्षं लागली, मग पावसाळ्यात तो भरला. दिवाळीच्या सुमारास त्याच जागी भराव बसला, खालून पाणी झिरपायला लागलं, आणि संक्रांतीपर्यंत तलाव रिकामा. कुणी मेलं नाही. पण तलावाच्या भरवशावर गावात पाण्याची सोसायटी उभी राहिली होती, मोटारी आल्या होत्या, चेअरमन निवडून आला होता. त्यांना दोष द्यायला माणूस पाहिजे होता. कुणीतरी अर्ज केला की ओव्हरसियरनं रुळाचं पाणी विकलं.

चौकशी त्याच शेडमधे झाली, भर दुपारी बाराला. जिल्ह्याहून मोठे साहेब आले. ते खुर्चीत बसले, चेअरमन खुर्चीत, लिहून घेणारा खुर्चीत. मुनीर साहेब उभे. मी दाराशी. मला त्याच महिन्यात तलावाचा चौकीदार म्हणून कायम नोकरी लागायची होती. कागद त्याच मोठ्या साहेबांच्या सहीसाठी थांबला होता. आमच्या वस्तीत सरकारी नोकरीत तोवर कुणी नव्हतं.

मोठ्या साहेबांनी विचारलं, "चार दिवसांचं पाणी कुठं गेलं?"

मुनीर साहेब म्हणाले, "लोकांनी प्यालं. ओढ्यापलीकडच्या वस्तीनं."

"कशावरून?"

"मुकादम सांगेल."

एवढंच. थर कोणी झाकला ते बोलले नाहीत. माझ्याकडं वळूनही पाहिलं नाही. नजर समोरच्या पत्र्यावर, तोंडाची भिंत. चार वर्षं बोली उघडून ते असेच बसायचे, आता भिडूनं बोलायचं म्हणून.

मोठे साहेब मला म्हणाले, "काय रे मुकादम, खरं आहे हे?"

मी मोजलं. होय म्हणावं तर पुढचा प्रश्न ठरलेला, कोरड्या थरावर माती टाकायला कोणी सांगितलं? मग चौकीदारी गेली. वस्तीनं पाणी प्यालं म्हणून तलाव फुटला, असं गाव म्हणणार, मग विहिरीवरची आमची शेवटची पाळीही गेली. मी अडाणी माणूस, समोर साहेब लोक, माझ्या शब्दाला किंमत किती? चेअरमन खुर्चीत मागं रेलून माझ्याकडं बघत होता. एवढं सगळं मी मोजलं. ते मोजायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ शेडमधे पत्रा तडतडत होता, उन्हानं.

मी म्हटलं, "मला सांगता येत न्हाय साहेब. मी रुळावर व्हतो."

मुनीर साहेब म्हणाले, "ठीक आहे. मग चूक माझी. लिहा."

मोठे साहेब गेले. त्यांची जीप धुळीत दिसेनाशी झाली. शेडमधे आम्ही दोघंच. साहेब ड्रमवर बसले. पत्त्यांचा जोड टेबलावर होता, त्याला त्यांनी हात लावला नाही.

"किती होते किसन?"

मला कळलं काय विचारतायत ते. मी म्हटलं, "पाच."

साहेबांनी मान हलवली. "पाच पे पास. ठीक है. किताब में यही है."

चाळीस वर्षं मी त्या वाक्यावर उभा आहे. मनाला सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं, त्यांनी स्वतः म्हटलं ठीक आहे म्हणून. मी खोटं बोललो नाही, मी फक्त बोललो नाही, असंही सांगितलं. पण डाव संपल्यावर ज्याला चौघांची पानं दिसायची, त्याला माझी पानं दिसली नसतील? त्या शेडमधे, एवढ्या जवळून? ज्यानं मला शिकवलं की भिडूच्या रंगाचे पाच हे पाच नसतात, त्यानं मला पाचावर माफ केलं. त्याला माहीत होतं. मी म्हणतो त्याला माहीत होतं. कधी कधी मी म्हणतो, माहीत नव्हतं, आणि मग ते जास्त वाईट वाटतं.

माझी नोकरी झाली. साहेबांना निलंबित केलं, मग कुठं तरी लांब हलवलं, हुद्दा कमी करून. शांतानं घरी विचारलं, "आवं, तुमी तिथंच व्हता ना? मग त्यास्नी चोर कसं ठरवलं?"

मी म्हटलं, "मला कुणी इचारलंच न्हाय."

ती मेली तोवर तिला हेच खरं वाटत होतं. मी काही तिला सांगितलं नाही.

आणि मी चौकीदार झालो त्याच तलावाचा. तेवीस वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ भरावावरून फेरी. ती जागा डागडुजी करून बुजवली, तरी तिथं ओल राहते. उन्हाळ्यात सगळीकडं गवत जळतं आणि तेवढ्या चार पावलांत हिरवं असतं. त्या चार पावलांवरून मी कधी गेलो नाही, खालून वळसा घालून गेलो. बरोबरचे विचारायचे, किसनराव, वरून का येत न्हाय? मी म्हणायचो, गुडघा दुखतो.

पत्ते त्या दिवसापासून नाहीत. गुरुजींनी एक-दोनदा निरोप धाडला, मी गेलो नाही. तीन माणसांचा खेळ होत नाही. दुपारी डोळा लागला की मला मात्र समोर कोणीतरी बसल्यासारखं वाटतं. माझ्या बोलण्याची वाट बघतंय, आणि काही बोलत नाही. बोलायचा नियमच नाही ना.

साहेबांना मी पुन्हा एकदाच पाहिलं. सात-आठ वर्षांनी, ऐंशी सालानंतरची गोष्ट. उस्मानाबादच्या यष्टी स्टँडावर. मी कामाला कचेरीत गेलो होतो, अंगात खाकी, डोक्यावर टोपी. दुपारचे तीन-चार. लातूरच्या गाडीची वाट बघत बाकावर एक म्हातारा बसला होता, मांडीवर कापडी पिशवी. दाढी पूर्ण पांढरी, वाढलेली. मी खांबाआड झालो. मनात वाक्य तयार होतं, सात-आठ वर्षांपासून तयार होतं. "साहेब, सहा होते." एवढंच म्हणायचं होतं. मी खांबाआडून निघालो, पुन्हा आड झालो, असं दोन-तीनदा झालं.

तिसऱ्यांदा त्यांनीच मला पाहिलं. डोळे बारीक केले. "किसन?"

"व्हय साहेब."

त्यांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं. खाकी, पट्टा, बूट. "पक्की झाली?"

"व्हय साहेब."

"घर में सब? वस्तीवर पाणी?"

"हापसा बसवलाय साहेब. आता हाय."

"अच्छा हुआ." मग म्हणाले, "इकडं ये जरा."

मी जवळ गेलो. त्यांनी माझ्या छातीकडं हात नेला. पितळी बिल्ला उलटा लागला होता, घाईत सकाळी लावलेला. त्यांनी टाचणी काढली. नजर कमी झाली होती, टाचणी भोकात जाईना. मी म्हटलं, "राहू द्या साहेब, मी करतो." ते म्हणाले, "हल नको." त्यांचं डोकं माझ्या छातीशी होतं आणि मी ताठ उभा होतो. लोक जात-येत होते. दोनदा टाचणी निसटली. तिसऱ्यांदा बसली. त्यांनी अंगठ्यानं बिल्ला सरळ दाबला आणि वर पाहिलं.

मी तोंड उघडलं. गाडी लागली, माणसं धावली, कुणीतरी खिडकीतून जागेवर रुमाल टाकला. साहेबांनी पिशवी उचलली आणि त्या गर्दीत शिरले. खिडकीशी त्यांना जागा मिळाली. गाडी हलेपर्यंत मी तिथंच उभा होतो. ते समोर बघत बसले होते.